साडेपाच वर्षांच्या मुलाला स्पर्श आणि आवाज सहन होत नाहीत: थेरपीबरोबर घरी नेमके काय करावे?

नाशिकची आई

नमस्कार. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा असून मोठ्या शिशुवर्गात शिकतो. बोलणे वेळेवर आले, गोष्टी पाठ आहेत, आकडे शंभरापर्यंत येतात. अडचण निराळीच आहे. शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी कापल्याशिवाय तो शर्ट अंगात घालत नाही आणि मोज्याची शिवण बोटांवर आली की दारातच बसकण मारतो. हात धुताना बाहीवर पाण्याचे चार थेंब उडाले तरी सगळा शर्ट काढून टाकतो. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच, नुसती वाफ फुसफुसू लागली की, कानांवर हात ठेवून गॅलरीत पळतो. मात्र स्वतः मोठमोठ्याने ओरडत दिवसातून पन्नास वेळा सोफ्यावरून उड्या मारतो, आणि कितीही गरगर फिरला तरी त्याला चक्कर येत नाही. ताटात वरण भाताला लागलेले त्याला चालत नाही.

केस कापणे हा तर घरातला सर्वांत कठीण प्रसंग झाला आहे. गेल्या वेळी मी, त्याचे बाबा आणि न्हावी अशा तिघांनी मिळून त्याला धरले. अर्धे केस कापून झाल्यावर त्याला उलटी झाली आणि त्या रात्री तो दोनदा किंचाळून उठला. त्यानंतर चार महिने आम्ही त्याच्या केसांना कात्री लावलेली नाही.

विकासात्मक बालरोगतज्ज्ञांनी दोन भेटींत त्याला तपासले. सध्या स्वमग्नता (ऑटिझम) वाटत नाही, संवेदनांची सांगड घालण्यात अडचण दिसते, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार) सुरू करा, असे त्यांनी सांगितले. आम्ही गेलेल्या केंद्राने आठवड्यातून तीन सत्रे सुचवली आणि घरी करण्यासाठी 'सेन्सरी डाएट' नावाचा एक छापील कागद दिला. त्यावर सोळा गोष्टी आहेत: दर दोन तासांनी मऊ ब्रशने अंग घासणे, तांदळाच्या डब्यात हात घालून खेळणे, वजनाचे जाकीट, अमुक झोपाळा, तमुक चेंडू. मी आणि यजमान दोघेही नोकरी करतो, त्यामुळे हे सगळे जमणे अशक्य आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की पूर्वी अशी थेरं नव्हती, दोन धपाटे मिळाले की मुले सरळ होत. त्यांच्याशी वाद घालण्याचा हेतू नाही, कारण दिवसभर त्याला त्याच सांभाळतात. घरी यातले खरोखर उपयोगाचे काय आणि थेरपीचा उपयोग होतो आहे हे ओळखायचे कशावरून, या दोन गोष्टींविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

बालव्यवसायोपचारतज्ज्ञ, ठाणे

ताई, सासूबाईंच्या शंकेपासूनच सुरुवात करतो, कारण त्यांचे सहकार्य मिळाल्याशिवाय तुमच्या घरात काहीही चालणार नाही. अशी मुले पूर्वीही होती. त्यांना कोणी तिरसट म्हणे, कोणी धसमुसळे, कोणी सोवळ्यातले. उपचारही कालचे नाहीत. कॅलिफोर्नियातील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी संवेदनांच्या एकात्मीकरणाची मांडणी १९७२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि आपल्याकडे व्यवसायोपचाराचे शिक्षण त्याच्याही आधी, १९५० साली, कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केले. आजींना एवढेच सांगा की हा हट्ट नाही. हट्ट करणाऱ्या मुलाला उलटी होत नाही. केस कापताना त्याच्या शरीराने जिवावर बेतल्यासारखी प्रतिक्रिया दिली, आणि ती धपाट्याने कमी होण्याऐवजी वाढते.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रिये शिकतो, पण या विषयात आणखी तीन जाणिवा महत्त्वाच्या आहेत. आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याची हालचाल आणि तोल कळवतात. स्नायू आणि सांधे आपला हात कुठे आहे आणि किती जोर लागतो आहे ते कळवतात. तिसरी जाणीव पोटातली, म्हणजे भूक, तहान, लघवीची घाई यांची. तुमच्या मुलाला स्पर्श आणि आवाज प्रमाणाबाहेर जाणवतात, तर हालचाल आणि स्नायूंवरचा दाब त्याला पुरेसा जाणवत नसावा, म्हणून तो उड्या मारून आणि गरगर फिरून तो मिळवत असावा. एकाच मुलात दोन्ही टोके असणे अगदी नेहमीचे आहे. सोफ्यावरच्या उड्या ही त्याने स्वतः शोधलेली थेरपीच आहे, फक्त ती ओबडधोबड आहे.

आता कागदाविषयी. सोळा गोष्टींचा छापील कागद सगळ्या मुलांना सारखाच दिला जात असेल, तर त्याला 'डाएट' म्हणू नये. आहार माणूस पाहून ठरतो. ब्रशचा भाग मी तूर्त बाजूला ठेवीन. अशा मुलांना हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श सर्वांत जास्त खुपतो आणि सावकाश दिलेला भक्कम दाब बहुधा शांत करतो, त्यामुळे ब्रश हलक्या हाताने फिरला तर आपण नेमके उलटे करून बसतो. त्या पद्धतीमागे संशोधनाचा आधारही तोकडा आहे. जाकिटाचेही तसेच.

माझा भर जोर लावण्याच्या कामांवर असतो, आणि ती आपल्या घरांत भरपूर आहेत. कणीक तिंबायला द्या, पण पिठाचा चिकटपणा नको असेल तर आधी तेलाचा हात लावून झालेला गोळा द्या. अर्धी बादली पाणी झाडांपर्यंत नेऊ द्या, भाजीची पिशवी जिन्यावरून आणू द्या, रात्रीच्या गाद्या ओढू द्या, आंघोळीनंतर टॉवेल स्वतः पिळू द्या. ही कामे कधी करायची याला मोल आहे: शाळेत निघण्याआधी दहा मिनिटे आणि घरी आल्यावर लगेच, म्हणजे मोजे आणि गणवेश अंगावर चढण्यापूर्वी शरीर थोडे स्थिरावलेले असते. बिघडल्यानंतर करायला गेलात तर तो ऐकणार नाही.

झोका पुढे-मागे, सावकाश आणि एका लयीत असेल तर शांत करतो. गोल फिरवलेला झोका चेतवतो. चक्कर येत नाही म्हणून त्याला पाहिजे तितके फिरवू नका, कारण परिणाम काही वेळाने उतरतो. चेहरा पांढरा पडणे, घाम येणे, एकामागून एक जांभया किंवा उगाच खिदळत सुटणे दिसले की थांबा. झोका तुम्ही देऊ नका, त्याचा त्याला घेऊ द्या. या थेरपीचा गाभा असा आहे की मूल स्वतः धडपडते आणि त्याला जेमतेम झेपेल एवढेच आव्हान पुढे ठेवले जाते. मुलाला नुसते पडून ठेवून त्याच्यावर काहीतरी 'करणे' ही ती थेरपी नव्हे. केंद्रात गेल्यावर एक सत्र काचेतून पाहू द्या अशी मागणी जरूर करा. झोपाळा कोण ढकलतो आहे आणि खेळ कोण निवडतो आहे, एवढ्यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल.

केसांसाठी घाई करू नका. पहिला आठवडा न्हाणीत डोक्यावर तळव्यांनी दाब देऊन तेल जिरवणे, तेवढेच. मग बंद ट्रिमर त्याच्या हातात, नंतर सुरू ट्रिमर शेजारच्या खोलीत, मग त्याच्या तळहातावर, मग मानेवर, आणि प्रत्येक पायरीवर थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे. 'दहा मोजेपर्यंत' असे ठरले असेल तर अकरावा आकडा म्हणायचा नाही, एकच बट उरली असली तरीही. अंगावर पडणारे केस हा सहसा खरा शत्रू असतो, म्हणून ओला टॉवेल आणि लगेच आंघोळ अशा बेताने न्हाणीतच कापा.

कोल्हापूरची आई

माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे आणि तिचे निदान तुमच्या मुलाच्या वयातच झाले. तुमच्या पत्रातला तांदळाचा डबा वाचून अंगावर काटा आला. आम्हालाही तोच सांगितला होता आणि मी रोज संध्याकाळी सात वाजता, घड्याळ लावून, तिचे हात त्यात घालत असे. तिसऱ्या आठवड्यात तिने भात खाणे सोडले. डबा आणि ताट यांचा संबंध तिने जोडला होता हे आम्हाला फार उशिरा समजले. पुढे जवळजवळ वर्षभर ती फक्त भाकरी आणि कोरडी चटणी खात होती. आता ती मटकी निवडते, शेंगा सोलते, कारण ते घरातले खरे काम आहे आणि त्याचा शेवट दिसतो: परात रिकामी झाली की संपले.

जेवणाबद्दल आम्ही एकच नियम पाळला. नवा पदार्थ वेगळ्या वाटीत, तिच्या ताटाबाहेर ठेवायचा. खाण्याचा आग्रह नाही, नजरेसमोर असला तरी पुरे. वांगे असे दोन महिने नुसते पाहुण्यासारखे बसून होते. नंतर तिने त्याचा वास घेतला, त्यानंतर काही दिवसांनी चमच्याने दाबून पाहिले. अजूनही खात नाही, पण इतरांनी खाल्लेले चालते, आणि आमच्या घरात एवढे पुष्कळ झाले.

वजनाची पांघरुणे महाग मिळतात. आम्ही आजेसासूबाईंची जुन्या नऊवारींची जाड गोधडी वापरली. फक्त तोंड उघडे राहील आणि तिला स्वतःहून ती बाजूला फेकता येईल एवढी काळजी घेतली. झोपाळ्याबाबत मात्र एक सावधगिरीचा शब्द: आमच्या जुन्या घराच्या तुळईला कडी होती, नव्या फ्लॅटमध्ये यजमानांनी हूक बसवला तो खालच्या शोभेच्या छतात, आणि पाचव्या दिवशी तो पोरीसकट खाली आला. खाली गादी होती म्हणून निभावले. हूक स्लॅबमध्ये किंवा बीममध्येच, जाणत्या माणसाकडून बसवून घ्या.

गणपतीत आम्ही ढोलपथक येण्याची वेळ मंडळाकडून आधी विचारून घेतो. ती कानांवर आवाज अडवणारे मफ लावून गच्चीवरून पाहते, आणि गेल्या वर्षी शेवटची पाच मिनिटे तिने मफ स्वतः काढला. आरतीला तिच्या हातात टाळ देतो; आवाज स्वतःच्या हातात असला की तो तितका बोचत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते, तिनेच दाखवून दिले. शाळेत बाईंना मी एक पानभर पत्र दिले होते, त्यात निदान कमी आणि उपाय जास्त होते: रांगेत सर्वांत शेवटी उभी करा म्हणजे मागून धक्का लागणार नाही, वह्यांचा गठ्ठा कार्यालयात न्यायला तिला पाठवा, घंटेजवळचा बाक नको. गठ्ठ्याचे काम तिला इतके मानवले की पुढच्या वर्गातही बाईंनी ते तिच्याकडेच ठेवले.

एक बालरोगतज्ज्ञ

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण पालक पैसे आणि वेळ खर्च करणार असल्याने काही गोष्टी स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानसूचीत संवेदनांच्या तीव्र किंवा मंद प्रतिक्रियांचा समावेश स्वमग्नतेच्या निकषांत झाला, परंतु संवेदन-प्रक्रियेचा स्वतंत्र विकार म्हणून तिथे नोंद नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१२ साली अशीच भूमिका घेतली होती: हे एकटे निदान शक्यतो करू नये, मुळाशी दुसरे काही आहे का ते पाहावे, थेरपी सर्वांगीण उपचाराचा एक भाग म्हणून देता येईल, पण तिच्यामागचे संशोधन मर्यादित आहे हे पालकांना सांगावे. वेल्स आणि इंग्लंडमध्ये ४ ते ११ वर्षांच्या १३८ स्वमग्न मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सेवांपेक्षा या थेरपीने मुलांच्या वागण्यात अधिक फरक पडल्याचे त्यात दिसले नाही. वजनदार पांघरुणांच्या २०१४ मधील ब्रिटिश चाचणीत मुलांची झोप वाढली नाही, मात्र मुलांना आणि पालकांना तीच पांघरुणे अधिक आवडली, हेही खरे.

याचा अर्थ थेरपी घेऊ नका असा नाही. मुदत ठरवून घ्या असा आहे. आजच तीन गोष्टी लिहून काढा, उदाहरणार्थ केस कापणे, मोजे घालायला लागणारी मिनिटे आणि जेवताना पानावर बसण्याचा वेळ. आजची स्थिती काय आहे ते आकड्यात नोंदवा आणि बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा. केंद्रातील झोक्यावर तो छान बसू लागला ही प्रगती नव्हे, कारण झोक्यावर बसवण्यासाठी तुम्ही त्याला नेले नव्हते.

त्याआधी कानाची तपासणी झाली आहे का ते पाहा. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचते आणि आवाजाबद्दलच्या तक्रारींत त्याचा वाटा असू शकतो. शौचास खडा होतो का, झोपेत घोरतो का, हेही विचारावेसे वाटते. कानांवरचे मफ ढोलासाठी आणि फटाक्यांसाठी ठेवा. दिवसभर लावले तर साधे आवाजही हळूहळू अधिक असह्य वाटू लागतात. सहा महिन्यांनी विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे पुन्हा जा, कारण शाळेतील मागण्या वाढल्यावर काही लक्षणे नव्याने दिसतात. खर्च परवडत नसल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, जो २०१३ साली पालघर येथून सुरू झाला, जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारली आहेत. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची सोय त्यात विनामूल्य असते. गर्दी असते, पण चौकशी करून ठेवावी.

बालव्यवसायोपचारतज्ज्ञ, ठाणे

डॉक्टरांशी मी बहुतांशी सहमत आहे. एवढेच जोडतो की त्याच २०२२ च्या चाचणीत थेरपी घेणाऱ्या मुलांसाठी पालकांनी ठरवलेल्या उद्दिष्टांत सत्रागणिक सुधारणा नोंदली गेली होती. त्या नोंदीला तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे तिच्यावर फार मोठी इमारत उभी करता येत नाही, पण उद्दिष्टे छोटी आणि घरगुती ठेवावीत याला ती पुष्टी देते. आठवड्याला तीन सत्रे झेपत नसतील तर एकच घ्या आणि त्यात आजींना सोबत नेत चला. तुमच्या घरात खरी थेरपिस्ट त्याच होणार आहेत.

निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा

मी वैद्यकीय बाबतीत बोलत नाही. चौतीस वर्षे मुलांना मैदानावर पाहिले, त्यावरून सांगतो की अंग घुसळणारी मुले लंगडी, बेडूकउड्या, रस्सीखेच आणि फुगडीत रमतात आणि त्यानंतर वर्गात बरी बसतात. मल्लखांब तर या सगळ्यांचा राजा. पाच-सहा वर्षे हे तो सुरू करण्याचे चांगले वय आहे. मात्र लाकडी खांबाला एरंडेल तेल लावतात आणि खांब उघड्या अंगाने धरावा लागतो, त्यामुळे चिकट स्पर्शाचा तिटकारा असलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी तिथे नेऊ नये. आधी नुसते पाहायला न्या. दोरीला लोंबकळणे आवडते का ते बघा. आणि फुगडी आजीबरोबर घालू द्या, जोवर आजींचे गुडघे हो म्हणतात तोवर.

नाशिकची आई

सर्वांचे मनापासून आभार. मध्ये बराच काळ गेला, आज अकरा आठवडे पूर्ण झाले म्हणून लिहिते आहे. सोळांपैकी तेरा गोष्टी खोडल्या. सत्रे आठवड्यातून दोनच ठेवली आणि त्यांतल्या एकाला सासूबाई जातात. कानाच्या डॉक्टरांनी डाव्या कानात पडद्यामागे पाणी असल्याचे सांगून औषध दिले आहे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावले आहे. कुकरला अजूनही तो घाबरतो. फरक एवढाच की आता गॅस सुरू करण्याआधी आजी त्याला सांगतात आणि तो स्वतःच्या पायांनी, न रडता, गॅलरीत जाऊन उभा राहतो. मोज्यांना आधी पंधरा-वीस मिनिटे लागत, आता उलटे घालून शिवण बाहेर ठेवतो आणि चार मिनिटांत निघतो. ही युक्ती सासूबाईंची. वरण मात्र अजून भाताला लागत नाही.

केस गेल्या शनिवारी न्हाणीत कापले. दहापर्यंत मोजायचे ठरले होते, तसे चार वेळा मोजून उजवी बाजू झाली आणि त्याने हात वर केला. त्याच्या बाबांच्या तोंडावर 'थोडेच राहिले आहे' आले होते, पण त्यांनी ट्रिमर बंद केला. रात्रभर तो तसाच, एका बाजूने झिपऱ्या आणि एका बाजूने गोटा, असा झोपला. रविवारी सकाळी चहाच्या वेळी तो स्वतः ट्रिमरचा डबा घेऊन आला आणि डावी बाजू आजीने कापावी असे त्याने सांगितले. त्यांचा हात थरथरत होता, त्यामुळे कानामागे एक पायरी राहिली आहे. आता नखांसाठीही अशाच पायऱ्या ठरवायच्या आहेत. ठाण्याच्या सरांना विचारायचे आहे की नेलकटरऐवजी कानस वापरली, तर तिचे कंपन त्याला अधिक जाणवेल की कमी?

बालव्यवसायोपचारतज्ज्ञ, ठाणे

बहुतेकांना कानस अधिक बोचते. नेलकटरच वापरा, पण आंघोळीनंतर नखे मऊ असताना, बोटाच्या पेराला घट्ट दाब देऊन, आणि दिवसाला एकच बोट. अंगठ्याला शेवटी हात लावा. दहा दिवस लागतील, तोवर पहिले नख पुन्हा वाढलेले असेल, त्याची तयारी ठेवा.